पाण्याची गोळी आणि भावोजींचा अंगठा

आमचे भावोजी बळवंतराव उदगीरकर यांनी केंद्र सरकारात छत्तीस वर्षं नोकरी केली. त्या छत्तीस वर्षांत त्यांना बढतीचं दुःख झालं नाही, बदलीचं झालं नाही, उन्हाळ्यात क्वार्टरची वीज गेल्याचंही झालं नाही. दुःख एकाच गोष्टीचं होतं. दिल्लीत डाळ मिळते, वरण मिळत नाही.

हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणत, की माझी थोरली बहीण हेमलता, म्हणजे त्यांची बायको, ते ऐकू आलं की उठून गॅस बंद करायला जायची. उदगीरहून त्यांचे थोरले भाऊ खंडेराव दरवर्षी तुरीच्या डाळीची एक गोणी आणत. गाडीत ती गोणी खंडेरावांच्या शेजारी बसून यायची. मग भावोजी रविवारी स्वतः वरण करायचे. हळद, हिंग, मीठ, नखभर गूळ. घोटायचं रवीनंच. मिक्सरचं नाव काढलं तर त्या माणसाशी दोन दिवस अबोला. मी दोनदा काढलं आहे.

ऑफिसात मात्र त्या वरणाची काही किंमत नव्हती. भावोजींच्या सेक्शनमध्ये पंजाबी चड्ढा होते, बंगाली मुखर्जी होते, आणि कुठले कुठले लोक होते. डबे उघडले की चड्ढा भावोजींच्या डब्यात डोकावून म्हणायचे, "उदगीरकर जी, आज फिर पीला पानी?" ही थट्टा तीस वर्षं चालली. शेवटी एकदा भावोजींनी डब्याचं झाकण आपटलं आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "जिस दिन रिटायर होऊँगा, उस दिन पूरे सेक्शन को अपने हाथ का वरण खिलाऊँगा. साथ में बैठ के खाऊँगा. फिर बोलना पीला पानी!"

तो दिवस दोन हजार एक सालच्या ऑक्टोबरची एकतीस तारीख हा होता. भावोजींनी तो घरच्या कॅलेंडरवर जानेवारीतच लाल पेन्सिलीनं गोल करून ठेवला होता. शेजारी लिहिलं होतं: 'वरण. ४० माणसं.' निरोप समारंभ, हार, शाल, यातलं काहीही लिहिलेलं नव्हतं.

आता मी कोण, ते सांगते. मी रेवती, हेमाताईची धाकटी बहीण, एका मंत्रालयात हिंदी अनुवादक. ताई आणि भावोजी आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये राहत होते तेव्हा मी दोन गल्ल्या सोडून राहायची, अजूनही तिथेच राहते. मराठी माणसं हिंदी बोलताना कुठे कुठे आपटतात याची यादी मला पाठ आहे. मराठीत शिक्षा म्हणजे दंड, हिंदीत शिक्षण. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा, हिंदीत प्रयत्न. ताई तर सर्रास "भाजी में मीठ डालो" म्हणायची आणि मग ऐकणारा "मीठा?" म्हणून बघत राहायचा. मी प्रत्येकाला जागच्या जागी सुधारत असे. लोकांना ते आवडतं असं मला वाटायचं.

त्या जानेवारीत ताई-भावोजी द्वारकेला स्वतःच्या फ्लॅटमध्ये गेले. सोसायटीची लॉटरी लागून अकरा वर्षं झाली होती. तेव्हाची द्वारका म्हणजे रुंद रस्ते, उंच इमारती आणि मध्ये नुसती धूळ. मेट्रोचा पत्ता नव्हता. डोक्यावरून विमानं जायची आणि खाली चार्टर्ड बसची वाट बघत माणसं उभी. सगळं नवं कोरं होतं, फक्त पाणी नव्हतं. बोअरवेलचं जे यायचं ते इतकं खारट, की चहात साखर घालायची की लिंबू, असा प्रश्न पडायचा. बाकीचं टँकरनं यायचं, आलं तर.

भावोजींनी लगेच फाइल उघडली. हा त्यांचा स्वभाव. घरातल्या प्रत्येक विषयाची त्यांची फाइल असे, टॅग लावलेली, पानांवर लाल शाईत क्रमांक टाकलेली. 'वीज', 'लिफ्ट', 'रक्तदाब', 'सुधन्वा' (हा त्यांचा मुलगा, गुडगावला एका नव्या कंपनीत होता). आता त्यात एक जाडजूड भर पडली: 'पाणी'.

आणि इथेच माझा संबंध येतो. इतके दिवस मी हे कुणाला सांगितलं नव्हतं.

द्वारकेला गेल्यावरच्या पहिल्याच आठवड्यात भावोजींना रक्तदाब तपासायला आर. के. पुरमच्या सरकारी दवाखान्यात यायचं होतं. मीही सोबत गेले. पट्टा बांधला, फुस्स फुस्स झालं, आकडा जास्त निघाला. जुनी पांढरी गोळी चालू होतीच. भावोजी औषधाच्या खिडकीपुढे रांग धरायला बाहेर गेले, आणि आत ताईनं डॉक्टरांपुढे रडगाणं सुरू केलं, "डॉक्टरसाब, वहाँ का पानी बहुत बाधता है."

डॉक्टर बघतच राहिले. मी तत्परतेनं सुधारलं, "मतलब, पानी सूट नहीं करता."

"हाँ हाँ," असं म्हणत डॉक्टरांनी एक चिठ्ठी लिहिली आणि ताईच्या हातात दिली. "ये पानी की गोली है. रोज़ सुबह एक. पुरानी वाली भी चलती रहेगी."

बाहेर आल्यावर ताईनं मला विचारलं, "पानी की गोली म्हणजे काय गं?"

मी, म्हणजे बारा वर्षं भाषांतर करून पोट भरणारी बाई, एका क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "अगं, पाण्याची गोळी. तू पाणी बाधतं म्हणालीस ना, म्हणून दिली. आई नाही का गावोगावी जाताना सुंठ द्यायची, नवं पाणी बाधू नये म्हणून? तसंच हे."

ताईला पटलं. मलाही पटलं होतं. घरी जाऊन तिनं त्या डबीवर चिकटपट्टी लावली, त्यावर 'पाणी' लिहिलं आणि ती पाण्याच्या माठाशेजारी ठेवून दिली. भावोजींनी ती चिठ्ठी 'पाणी' फायलीत लावली, पृष्ठ चौदा. आणि बाजूच्या टिपणीच्या कागदावर आपल्या ठेवणीतल्या अक्षरात लिहिलं: 'येथील पाण्याची गुणवत्ता लक्षात घेता सरकारी डॉक्टरांनी गोळी सुरू केली आहे. सेवन नियमित. पाण्याचा खारटपणा मात्र कायम. पुढील कार्यवाहीसाठी सादर.'

गोळीचा गुण येत होता, यात शंका नव्हती. भावोजी सकाळपासून बाथरूमच्या फेऱ्या मारायचे. ताई म्हणायची, "बघ, कसं साफ होतंय सगळं." फेब्रुवारीत खंडेराव डाळीची गोणी घेऊन आले. परगावचं पाणी बाधू नये म्हणून ताईनं त्यांनाही रोज सकाळी एक गोळी द्यायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी आम्ही त्यांना दिल्ली-दर्शनाच्या बसमध्ये बसवलं. खंडेरावांनी त्या दिवशी लाल किल्ला पाहिला नाही, कुतुबमिनार पाहिला नाही. जे पाहिलं ते सगळं 'पुरुषांसाठी' लिहिलेल्या पाट्यांच्या मागे पाहिलं. संध्याकाळी ते उतरले ते सरळ आत गेले आणि बाहेर येऊन म्हणाले, "बळवंता, तुमच्या दिल्लीचं पाणी लई जोरकस हाय बाबा. थांबतच नाही." दुसऱ्या दिवशी ते ठरल्यापेक्षा चार दिवस आधी उदगीरला निघून गेले. आम्हाला वाटलं, त्यांना करमलं नसेल.

मग मे महिन्यात एका सकाळी भावोजी पलंगावरून उतरायला गेले आणि ओरडले. उजव्या पायाचा अंगठा लाल, सुजलेला, टोमॅटोएवढा. आधी वाटलं विंचू. मग वाटलं, नवा बूट. त्यावर पंख्याचा वारा आला तरी भावोजी "आई गं" म्हणत. ताईनं चादर घातली तर त्यांनी तिला अशा शब्दांत झिडकारलं, जे मी तीस वर्षांच्या त्यांच्या संसारात ऐकले नव्हते.

द्वारकेच्या मार्केटात नवीनच दवाखाना थाटलेल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. युरिक ॲसिड नऊ पॉइंट एक. सातच्या आत हवं.

"गाउट है," डॉक्टर म्हणाले. "राजा लोगों की बीमारी. बी.पी. की कौन सी दवाई लेते हैं?"

"एक ही. सफ़ेद वाली."

"और कोई गोली?"

"कुछ नहीं," भावोजी म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं ते शंभर टक्के खरं होतं. पाण्याची गोळी ही पाण्याच्या खात्यातली होती.

डॉक्टरांनी मग सगळा दोष जेवणाच्या ताटावर टाकला. डाळ बंद. राजमा, छोले, पालक, मटार, सगळं बंद. मटण तर बंदच. "क्या खाऊँ फिर?" भावोजींनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "लौकी."

राजा लोकांची बीमारी झाली, याचा पहिले दोन दिवस भावोजींना थोडा अभिमानच वाटला. त्यांनी उदगीरला एस.टी.डी. लावून आईला सांगितलं, "आई, काळजी नको, मला राजरोग झालाय." आता मराठीत राजरोग म्हणजे क्षय, हे मी त्यांना नंतर सांगितलं. तोवर तिकडे रडारड होऊन खंडेराव दिल्लीला यायला उदगीरच्या स्टेशनवर जाऊन ठेपले होते. त्यांना परत फिरवायला आणखी तीन फोन लागले.

पण डाळ बंद हे शब्द आत उतरले तेव्हा भावोजींनी कॅलेंडरकडे पाहिलं. ऑक्टोबर अजून पाच महिने लांब होता. "रेवती, तोवर सातच्या आत येईल ना गं?" त्यांनी मला विचारलं. "चाळीस माणसांना वाढायचं आणि आपण खुर्चीवर दुधी घेऊन बसायचं, हे बरं दिसतं का?"

"नीट पथ्य पाळलंत तर येईल," मी म्हणाले.

पथ्य सुरू झालं. दुधीची भाजी, दुधीचं थालीपीठ, दुधीचं भरीत, दुधीचा रस. एक दिवस ताईनं दुधीचं वरण करून पाहिलं. भावोजींनी एक घास घेतला, ताट बाजूला सरकवलं आणि 'अंगठा' नावाच्या नव्या फायलीत काहीतरी लिहिलं. मी नंतर वाचलं: 'प्रयोग अमान्य.'

तोंडाला चव नाही म्हणून सुधन्वा गुडगावहून येताना त्यांच्यासाठी कोल्ड ड्रिंकच्या दोन-दोन लिटरच्या बाटल्या घेऊन यायचा. नवं बाजार-युग होतं, त्याच्या कंपनीत तर कॅन्टीनमध्ये नळाला तेच यायचं. "पप्पा, डाळ नाही तर ठंडा पियो, यार. इसमें क्या है, बस पानीच तर आहे." आम्हीही तेच म्हटलं. गोड पाणी, त्यात काय असणार? भावोजी आयुष्यात कधी न प्यायलेलं ते काळं पाणी जेवताना वरणाच्या वाटीतून पिऊ लागले. वाटी मात्र सोडली नाही.

जूनमध्ये आकडा नऊ. जुलैमध्ये नऊ पॉइंट चार.

मी चिडले. कारण स्पष्ट होतं. हा माणूस चोरून वरण खातो. मी द्वारकेला गेले आणि स्वयंपाकघरात उभी राहून त्यांना फैलावर घेतलं. "भावोजी, खरं सांगा. ताई भाजी आणायला जाते तेव्हा काय शिजवता?"

"काही नाही गं. खरंच नाही."

"मग आकडा काय आपोआप चढला? दाताखाली डाळ आल्याशिवाय?"

"आता तो का चढतो, ते मला कसं कळणार?"

"चोराच्या वाटा चोराला ठाऊक," मी म्हणाले, आणि राहिलेली डाळ, चांगली पाऊण गोणी, रिक्षात घालून आर. के. पुरमला घेऊन आले. म्हटलं, मोहच नको. भावोजी गॅलरीत उभे राहून ती जाताना बघत होते. त्यांनी हात हलवला. मला नाही, गोणीला.

त्या डाळीचं वरण मी अडीच महिने खाल्लं, हेही सांगून टाकते. उत्तम व्हायचं. दर रविवारी जेवताना मला वाटायचं, किती शिस्तीनं आपण या माणसाला वाचवतोय!

ऑगस्टमध्ये अंगठा पुन्हा सुजला. भावोजी ऑफिसला रबरी चपला घालून जाऊ लागले. चड्ढांनी विचारलं, "उदगीरकर जी, वरण का क्या हुआ?" भावोजी म्हणाले, "देखते हैं." हे ताईनं मला फोनवर सांगितलं आणि फोनवरच रडली. कॅलेंडरवरचा लाल गोल त्यांनी अजून खोडला नव्हता, पण '४० माणसं'च्या पुढे एक बारीक प्रश्नचिन्ह घातलं होतं.

सप्टेंबरच्या शेवटी सोसायटीची सभा भरली. विषय पाणी. पाणीपुरवठ्याच्या खात्याला शेवटचं खरमरीत पत्र लिहायचं होतं, आणि पुरावे जमवायचे होते. मी त्या रविवारी तिथेच होते. तळमजल्यावरच्या हॉलमध्ये पन्नास एक माणसं, प्लास्टिकच्या खुर्च्या, वर पंखे. भावोजी लंगडत पुढे गेले, हातात 'पाणी' फाइल. त्या फायलीबद्दल सोसायटीत आदर होता. एकशे बारा पानं होती.

"मेरे पास एक ऐसा सबूत है," ते म्हणाले, "जो डिपार्टमेंट के पास भी नहीं होगा. यहाँ का पानी इतना ख़राब है कि सरकारी डॉक्टर ने मुझे इसके लिए गोली शुरू की है. पृष्ठ चौदा!"

हॉलमध्ये खळबळ झाली. कुणी "वाह!" म्हणालं. कुणी म्हणालं, अख़बार में दे दो. मागून एकानं विचारलं, ये गोली हमको भी मिलेगी क्या?

पहिल्या ओळीत सुरुची बसली होती, ताईच्या वरच्या मजल्यावरच्या कर्णिकांची मुलगी. नुकतीच एम.डी. झालेली, जन्म दिल्लीचा, मराठी घरापुरती. ती उठली. "काका, दाखवा जरा?" चिठ्ठी वाचून तिनं भुवया वर केल्या. "काका, ये तो... हे पाण्यासाठी नाहीये."

"असं कसं? पानी की गोली आहे."

"हो, पानी की गोली. म्हणजे शरीर में जो एक्स्ट्रा पानी आहे ना, ते बाहेर काढणारी. तुमच्या बी.पी.ची गोळी आहे ही. सू... म्हणजे... सू जास्त होते त्याने."

मला खंडेराव आठवले, आणि लाल किल्ला.

"एक मिनट," सुरुची म्हणाली. ती आता डॉक्टर झाली होती. "तुमचा अंगठा. युरिक ॲसिड किती?"

"नऊ पॉइंट चार. पृष्ठ एकवीस, पण ते 'अंगठा' फायलीत आहे."

"कधीपासून?"

"मे."

"आणि ही गोळी?"

"जानेवारी."

सुरुचीनं कपाळाला हात लावला. मग तिथल्या तिथे, पन्नास माणसांपुढे, तिनं मराठी-हिंदी कालवून समजावलं. ही गोळी पाणी बाहेर घालवते, पण काही लोकांमध्ये युरिक ॲसिड मात्र आत अडकून राहतं. सगळ्यांना होत नाही, ज्यांना होतं त्यांचा अंगठा बोलतो. गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही हं, उद्याच दवाखान्यात जा, बी.पी.साठी दुसरी गोळी मिळते, जी युरिक ॲसिड वाढवत नाही. "आणि काका, खाता काय?"

"दुधी."

"आणि पिता?"

सुधन्वा मागे बसला होता, तो खुर्चीत खाली सरकला. ताई म्हणाली, "ते काळं. दिवसाला एक बाटली."

"बिल्कुल बंद!" सुरुची ओरडली. "त्यातली साखर, काकू, त्यानेसुद्धा वाढतं. मटण, कलेजी, बियर, आणि हे ठंडा. डाळ का बंद केली? डाळीने इतकं काही होत नाही. वाटीभर खाल्ली तर चालते."

वाटीभर चालते. हे शब्द भावोजींनी दोनदा म्हणवून घेतले. तिसऱ्यांदा स्वतः म्हणाले.

मग सुरुचीनं तो प्रश्न विचारला, ज्याची मला ती उभी राहिली तेव्हापासून धास्ती होती. "पण हे पाण्यासाठी आहे असं तुम्हाला बोललं कोण?"

मी सातव्या ओळीत होते. भावोजींनी मान वळवून पाहिलं आणि मी त्यांना दिसले. त्या दिवशी दवाखान्यात ते रांगेत बाहेर उभे होते. डॉक्टरांचं वाक्य त्यांनी कानानं ऐकलंच नव्हतं. ताईनं त्यांना सांगितलं होतं, आणि ताईला कुणी सांगितलं, हे ताईनं तेव्हाच सांगून टाकलेलं असणार. ताईच्या पोटात काही राहत नाही.

"मीच चुकीचं ऐकलं," भावोजी म्हणाले. "माझं हिंदी कच्चं आहे."

हॉल हसला. मी हसले नाही. मला इतकी लाज वाटली की खुर्चीखाली जावं. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, असं मी ज्याला तोंडावर म्हटलं होतं, तो माणूस सगळ्यांपुढे माझं पाप आपल्या अंगावर घेत होता. आणि ते घेताना त्याचा दुखरा पाय रबरी चपलेत होता.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. ताई आणि भावोजी दवाखान्यात गेले, गोळी बदलून घेतली. मी पोत्यात उरलेली डाळ घेतली आणि आर. के. पुरमहून द्वारकेच्या बसमध्ये चढले. कंडक्टर म्हणाला, "मैडम, बोरी का भी टिकट लगेगा." मी दोन तिकिटं काढली. खंडेरावांची गोणी पहिल्यापासून अशीच प्रवास करायची, शेजारी बसून.

भावोजींनी दार उघडलं. मी काही बोलणार होते, वाक्यं पाठ करून आले होते. त्यांनी गोणी आत ओढली, तोंड उघडून डाळ हातात घेतली, आणि म्हणाले, "बरीच कमी झालीये."

"मी खाल्ली," मी म्हणाले.

"मिक्सरमध्ये घोटलीस?"

"नाही. रवीनं."

"मग ठीक आहे," ते म्हणाले.

ऑक्टोबरच्या मध्यात आकडा सात पॉइंट आठ. अठ्ठावीस तारखेला सहा पॉइंट नऊ. भावोजींनी कॅलेंडरवरचं प्रश्नचिन्ह खोडरबरानं घासून काढलं, कागद जवळजवळ फाटेपर्यंत.

एकतीस तारखेला पहाटे उठून त्यांनी सोसायटीच्या मोठ्या पातेल्यात वरण घोटलं. सुधन्वानं ते गाडीतून भावोजींच्या ऑफिसात नेलं. मी आणि ताई पास काढून आत गेलो. भावोजींनी बूट घातले होते, काळे, चकचकीत, नाड्या घट्ट बांधलेले. भात कॅन्टीनचा होता, तूप ताईचं. निरोपाची भाषणं झाली, हार झाले, शाल झाली. भावोजींना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष पातेल्यावर होतं.

मग त्यांनी स्वतः वाढलं. एकेका टेबलापाशी जाऊन, डाव भरभरून. सगळ्यांना वाढून झाल्यावर आपलं ताट घेऊन चड्ढांच्या शेजारी बसले. चड्ढांनी भात कालवला, एक घास खाल्ला, मग दुसरा. मग सेक्शनभर नुसता चमच्यांचा आवाज. पाच मिनिटांनी चड्ढांनी रिकामी वाटी पुढे केली आणि जरा ओशाळून विचारलं, "उदगीरकर जी, पीला पानी और है क्या?"

भावोजींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते शालीनं पुसलं आणि वाढायला उठले.

निघताना त्यांनी मला बाजूला बोलावलं आणि 'अंगठा' फाइल माझ्या हातात दिली. "ही आता तुझ्याकडे राहू दे. रेकॉर्डला." मी लिफ्टमध्ये ती उघडली. शेवटच्या पानावर, लाल शाईत पृष्ठ सदतीस, त्यांची टिपणी होती:

'युरिक ॲसिड नियंत्रणात. वरण पूर्ववत सुरू. कारण: भाषांतरातील किरकोळ त्रुटी. ती कोणाकडून झाली, हा मुद्दा या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही. प्रकरण बंद करण्यात यावे.'

आणि खाली, सहीच्या जागेच्या वर, पेन्सिलीनं: 'मेहुणीला दर रविवारी जेवायला बोलवावे. रवी तिनेच फिरवावी.'

मी पर्समधून पेन काढलं आणि खाली लिहिलं, 'मान्य.' सही करताना लिफ्ट हलत होती, म्हणून अक्षर जरा वाकडं आलं आहे.